रात्रनिवाऱ्यापलीकडचे घर

ज्या कुटुंबाचा मुक्काम ‘घर’ म्हणून नोंदवता येईल अशा कोणत्याही बांधकामात नाही, ते भारतीय जनगणनेच्या दृष्टीने बेघर. रस्त्याची कड, फूटपाथ, सिमेंटचे मोठे पाइप, उड्डाणपुलाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, देवळाचे आवार, रेल्वेचा फलाट अशा ठिकाणी राहणारी माणसे या नोंदीत येतात. झोपडपट्टीत राहणारी येत नाहीत, कारण झोपडीला निदान भिंती आणि छप्पर असते. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री ही मोजणी झाली तेव्हा देशातील बेघरांची संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. त्यांपैकी २ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आणि सुमारे ५७ हजार एकट्या मुंबईत होते. आधीच्या दहा वर्षांत देशाचा एकूण आकडा थोडा उतरला होता, शहरांतला मात्र ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे बेघरांविषयीचा प्रत्येक वाद अजूनही याच जुन्या आकड्यांवर चालतो.

मुंबईचा ५७ हजारांचा आकडा बेघरांसोबत काम करणाऱ्या संघटनांना कधीच पटला नाही, आणि त्यांचे म्हणणे डावलण्यासारखे नाही. एका रात्रीत फिरून केलेल्या मोजणीत लग्नाच्या हॉलवर वाढप्याचे काम करणारा सापडत नाही, बाजारात पहाटेचा माल उतरवणारा हमाल सापडत नाही. एकटी बाई आडोसा शोधूनच झोपते, तीही सुटते. शिवाय पालिकेची किंवा पोलिसांची गाडी दिसली की बोचकी उचलून पळायचे, ही फूटपाथवरच्या माणसाला पडलेली सवय आहे. हातात कागद घेऊन येणारा माणूस मोजायला आला आहे की उठवायला, हे त्याला अंधारात कळत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या किमान एक टक्का माणसे बेघर असतात, हा ठोकताळा देशभरातील कार्यकर्ते वापरतात. तो मुंबईला लावला तर संख्या सव्वा लाखाच्या घरात जाते.

या माणसांत भीक मागणारे थोडे आणि कष्ट करणारे फार आहेत. क्रॉफर्ड मार्केट आणि मशीद बंदरचे हमाल, हातगाडी ओढणारे, नाक्यावर रोजंदारीसाठी उभे राहणारे बिगारी, केटरिंगवाल्यांकडचे कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, सिग्नलवर गजरे विकणारी मुले यांनी मुंबईचे फूटपाथ भरलेले आहेत. मराठवाड्यातल्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली पारधी कुटुंबे, डोंबारी, वैदू यांची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर आहेत. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावर पुसला गेला, त्या जमातींना शहरात भाड्याने खोली देणारा घरमालक आजही क्वचित भेटतो. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली, ती अशाच कुटुंबांतल्या मुलांसाठी. मुलांपर्यंत शाळा चालत आली, ही मोठी गोष्ट झाली. शाळा सुटल्यावर मुलांनी कुठे जायचे, हा प्रश्न मात्र शाळेच्या हातातला नव्हता. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फूटपाथवर पथारी टाकणाऱ्यांत गावाकडे घर असलेली माणसेही असतात. ती उपचार संपेपर्यंत बेघर असतात. गाडगेबाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आणि तिच्यासारख्या मोजक्या संस्था त्यांच्यातल्या काहींना छप्पर देतात, बाकीचे उघड्यावर राहतात.

मुंबईत या प्रश्नाची कोर्टातली बाजू १९८१ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी १३ जुलैला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फूटपाथवासीयांना उठवून आपापल्या गावी परत पाठवण्याची घोषणा केली. भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या आणि माणसे बसमध्ये भरून शहराबाहेर नेली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क संघटना आणि खुद्द फूटपाथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल १० जुलै १९८५ ला लागला आणि तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने प्रथम स्पष्टपणे मांडले. माणूस फूटपाथवर राहतो तो काम जवळ असते म्हणून. लांबून ये-जा करण्याचा वेळ आणि खर्च त्याला झेपत नाही, हेही निकालात नोंदले आहे. बेघरांच्या प्रश्नावर गेल्या चाळीस वर्षांत जे काही लिहिले गेले, त्यातले सर्वांत नेमके निरीक्षण हेच असावे.

तरीही फूटपाथवासी तो खटला हरले. फूटपाथ चालण्यासाठी आहे आणि १८८८ च्या महापालिका कायद्यातील कलम ३१४ प्रमाणे अतिक्रमण हटवणे वैध आहे, असे न्यायालयाने ठरवले. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना मालवणीत किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी जागा द्यावी असे सांगितले, पण ती जागा आधी दिल्याशिवाय उठवू नये असे बंधन घातले नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कारवाई थांबवली. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल गरिबांचा विजय म्हणून शिकवला जातो, भायखळ्याच्या फूटपाथवर तो हाकलण्याची तारीख म्हणून पोचला.

त्याच भायखळ्यात या प्रश्नाला दुसरे वळण मिळाले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ मध्ये फूटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. बहुतेक माणसे कामाला पायी जातात, बहुतेकांच्या घरातली एकाहून अधिक माणसे कमावतात आणि पुष्कळांना एकाच जागी राहून एक पिढी उलटली आहे, हे त्यातून पुढे आले. फूटपाथवरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभी केली आणि रोज दोन-चार रुपये बाजूला टाकून बचत सुरू केली. घर मिळाले तर ते कसे हवे, याचा नमुना त्यांनीच बांबू आणि कापडाने पूर्ण मापात उभारून दाखवला: चौदा फूट उंचीची खोली, म्हणजे वर पोटमाळा काढता येतो आणि तेवढ्याच जागेत कुटुंब मावते. पुढे झोपडपट्टीवासीयांप्रमाणे फूटपाथवासीयांनाही पुनर्वसनाला पात्र मानले गेले आणि मानखुर्दला त्यांची ‘मिलन नगर’ ही वसाहत झाली. यात सरकारी जमीन होती, बायकांची बचत होती आणि वर्षानुवर्षांची चिकाटी होती. यांतले काहीच शहरभर पोचले नाही, म्हणून मिलन नगर अपवाद ठरले.

बेघरांविषयीचे आजचे सरकारी धोरण मुंबईत जन्मलेले नाही. डिसेंबर २००९ च्या कडाक्याच्या थंडीत दिल्लीत पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा पालिकेने हटवला. अन्नहक्काच्या चालू खटल्यात न्यायालयाच्या आयुक्तांनी ते निदर्शनास आणले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी मापदंड घालून दिला: दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा, त्यात शंभर माणसांची सोय, तोही बारा महिने चोवीस तास उघडा. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हाच मापदंड योजना म्हणून आला. माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय, ओळखपत्रे मिळवून देणे असे बरेच काही कागदावर होते. पैसे खर्च होतात पण निवारे दिसत नाहीत, अशी तक्रार झाल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, आणि २०१८ मध्ये प्रत्येक राज्यात देखरेख समिती नेमण्यास सांगितले.

हा मापदंड मुंबईला लावला तर १ कोटी २४ लाख लोकवस्तीसाठी सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षात त्यांची संख्या एक-तृतीयांशापर्यंतही गेलेली नाही, आणि असलेल्यांतले बरेच फक्त लहान मुलांसाठी आहेत. सव्वाशेच्या सव्वाशे उभे राहिले असते तरी सोय झाली असती साडेबारा हजार माणसांची. जनगणनेचा कमीत कमी आकडा धरला तरी पाचांतले चार जण बाहेरच राहिले असते. पालिकेच्या अपयशावर बोलताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. ठरवलेले उद्दिष्टच गरजेच्या पाचव्या हिश्श्याएवढे आहे.

निवारे का उभे राहत नाहीत, याची कारणे वॉर्डावॉर्डात सारखीच ऐकू येतात. पालिका म्हणते, जागा नाही. जागा सापडली की शेजारच्या सोसायट्या हरकत घेतात: चोऱ्या वाढतील, दारुडे येतील, घराचे भाव पडतील. नगरसेवकाला सोसायटीची मते मोजता येतात. फूटपाथवरच्या माणसाचे नाव बहुधा मतदार यादीत नसते. निवडणूक आयोगाचा नियम मात्र उदार आहे. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री जाऊन तो सांगितलेल्या जागी झोपतो का ते पाहायचे आणि नाव नोंदवायचे. ज्या वॉर्डात अशा नोंदी मोठ्या संख्येने होतील, तिथे निवाऱ्याला होणारा विरोध आजच्याइतका सहज जिंकणार नाही. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्यात बेघर निवाऱ्यासाठी भूखंड आरक्षित करण्याची तरतूद प्रथमच आली. जागा नाही, या उत्तराचा आधार त्यामुळे बराच कमी झाला आहे. आता आरक्षण प्रत्यक्ष ताब्यात येते की नाही, एवढेच पाहायचे.

विरोध फक्त शेजाऱ्यांचा नसतो, बेघर माणसेही निवारा नाकारतात. याचे कारण त्यांच्या हट्टात किंवा आळसात शोधण्याचा प्रघात आहे, तो चुकीचा आहे. बहुतेक निवाऱ्यांत पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. नवरा-बायको आणि मुले एकत्र राहू शकतील अशी जागा जवळजवळ नसतेच. फूटपाथवर ताडपत्रीखाली का होईना कुटुंब एकत्र असते. निवाऱ्यात हातगाडी, भंगाराची पोती, चूल, कुत्रे आणता येत नाही, म्हणजे धंद्याचे भांडवल बाहेर टाकूनच आत यावे लागते. पहाटे तीनला बाजार गाठणाऱ्या हमालाला दोन स्टेशने पलीकडचा निवारा कामाचा नाही. निवाऱ्याची जागा पालिकेला जिथे मिळते तिथे ठरते, आणि माणूस झोपतो तो जिथे काम मिळते तिथे. १९८५ च्या निकालातले ते निरीक्षण आखणीत उतरलेच नाही.

निवाऱ्याच्या योजनेला समांतर एक जुना कायदाही चालू आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्याने भिकाऱ्याच्या व्याख्येत उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणारा माणूसही बसवला आहे. त्याला वॉरंटशिवाय पकडता येते, एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते आणि पुन्हा पुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. चेंबूरचे भिक्षेकरी गृह याच कायद्याखाली चालते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ पासून या माणसांसोबत काम करतो आहे आणि कायदा रद्द व्हावा ही त्याची जुनी मागणी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात, जिथे तो जन्मला, तिथे तो टिकून आहे. एक खाते बेघराला छप्पर देण्यासाठी शोधते आणि दुसरे त्याच अवस्थेसाठी त्याला कोंडू शकते, अशी ही विसंगती आहे. हातात कागद असलेल्या माणसाला पाहून फूटपाथ रिकामा का होतो, याचे उत्तर इथे मिळते.

न्यायालयांचा सूरही एक राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये, बेघरांना जेवण, पाणी आणि निवारा द्यावा या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की सगळेच सरकार पुरवू शकत नाही, या लोकांनीही देशासाठी काम केले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठापुढे फोर्टमधल्या फाउंटन परिसरातील फूटपाथवर राहणाऱ्यांविरुद्ध वकिलांच्या संघटनेचा अर्ज आला, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की ही माणसे गरीब आहेत म्हणून त्यांना शहराबाहेर फेकून द्यायचे का. तीही माणसेच आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, बेघरांच्या निवाऱ्याच्याच खटल्यात, फुकट धान्य आणि पैसे देऊन आपण परजीवी वर्ग तर तयार करत नाही ना, अशी शंका न्यायपीठाने व्यक्त केली. काम मिळत असून ते नाकारणारा माणूस क्वचितच सापडेल, असे उत्तर याचिकाकर्त्यांकडून आले. फूटपाथवरची कुठलीही पाहणी याच उत्तराच्या बाजूने बोलते.

मुंबईत गरिबाला घर मिळण्याचा मोठा रस्ता म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन. त्यात पात्र झोपडीधारकाला ३०० चौरस फुटांचे घर मोफत मिळते. पात्रता ठरते ती झोपडीवरून आणि तिच्या तारखेवरून: १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपड्यांना किंमत भरून. ज्याची ताडपत्री दर पंधरवड्याला उचलली जाते त्याच्याकडे झोपडी नाही, वीजबिल नाही, मतदार यादीतला जुना उतारा नाही. तो अपात्र ठरत नाही, कारण पात्रतेच्या रांगेतच तो नसतो. पंतप्रधान आवास योजना कर्जावर अनुदान देते किंवा स्वतःच्या जमिनीवर बांधकामाला मदत करते, आणि बेघराकडे ना पत असते ना जमीन. म्हणजे घराच्या बहुतेक योजना मालकीच्या आणि बेघराची योजना एका खाटेची. या दोहोंच्या मध्ये भाड्याची खोली असते. वादाचा गाभा तिथे आहे.

मुंबईने ही मधली जागा एके काळी भरपूर बांधली होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या (बीडीडी) २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, पण भाडे गिरणीच्या पगारात बसणारे. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी आपापल्या ‘गावकीच्या खोल्या’ घेतल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस चाकरमानी नाव नोंदवत आणि पाळीप्रमाणे झोपत: रात्रपाळीचा परतला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे. जेवण खाणावळीत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गोव्याच्या लोकांची हीच सोय धोबीतलाव आणि माझगावच्या ‘कुडां’मध्ये होती. कूड गावाच्या नावाने चाले. नाममात्र वर्गणीत एक ट्रंक ठेवण्याएवढी जागा, पथारी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. जहाजावर जाणारा खलाशी दोन सफरींमधले दिवस तिथे काढी. या कशालाच घर म्हणता येणार नाही, आणि त्या खोल्यांतल्या गर्दीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण नवा माणूस शहरात उतरला तर पहिल्या रात्री तो फूटपाथवर नसे. त्याला कोणीतरी ओळखत असे, आणि खोलीचा पत्ता हाच त्याचा पत्ता होई.

ही व्यवस्था सरली त्याला एकच कारण नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे राहणाऱ्यांना संरक्षण मिळाले, पण नवी चाळ बांधण्यात कोणाला रस उरला नाही, आणि सरकारनेही ती पोकळी भरली नाही. रिकामी होणारी खोली पागडीशिवाय मिळेना. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, गावकीच्या खोल्यांची वर्गणी भरणारे हात कमी झाले. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उठले. आज झोपडपट्टीत दहा बाय दहाची खोली घ्यायची तरी अनामत रक्कम आणि ११ महिन्यांचा करार लागतो, आणि करारासाठी आधीचा पत्ता लागतो. रोजंदारी करणारा माणूस महिन्याला थोडे भाडे देऊ शकतो. एकरकमी अनामत त्याला कधीच जमत नाही. तो फूटपाथवर उरतो तो याच ठिकाणी अडकून.

मुंबईत छपरे मात्र कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत शहरात सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. देशातल्या कोणत्याही शहराहून अधिक. ती खासगी आहेत, आणि त्यांत बेघरांना राहायला धाडा असे कोणी म्हणत नाही. सरकारी रिकाम्या घरांचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. प्रकल्पबाधितांसाठी चेंबूरजवळ माहुलला हजारो घरे बांधली गेली. शेजारी तेल शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. हवेने माणसे आजारी पडू लागली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे घर किंवा दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्यास सांगितले. २०२५ मध्ये पालिकेने तिथली सुमारे ९ हजार घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तेव्हा त्यांनीही पाठ फिरवली. काम, दवाखाना आणि श्वास घेण्याजोगी हवा यांपासून तोडून बांधलेले घर गरिबालाही नको असते, आणि त्याने ते का घ्यावे?

केंद्राने जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाल्यानंतर, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. आधीच्या योजनांत बांधून रिकामी पडलेली सरकारी घरे दुरुस्त करून स्थलांतरित कामगारांना आणि शहरी गरिबांना भाड्याने द्यायची, हा तिचा एक भाग. दिशा बरोबर होती. पण ती घरे बहुतेक शहरांच्या कडेला आहेत, आणि रिकामी राहण्याचे कारणही तेच होते.

काही माणसांना खोली पुरत नाही, सोबतही लागते. मनोरुग्ण होऊन रस्त्यावर आलेल्यांसाठी डॉ. भरत वटवानी यांची श्रद्धा संस्था कर्जतला काम करते. माणसाला उचलून आणायचे, उपचार करायचे आणि थेट त्याच्या गावी, घरच्यांकडे पोचवायचे, या कामासाठी वटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घरचे स्वीकारत नाहीत त्यांच्यासाठी चेन्नईच्या ‘बनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ ही पद्धत रुजवली: साध्या वस्तीत साधे घर भाड्याने घ्यायचे, चार-पाच जणांनी एकत्र राहायचे, स्वयंपाक-बाजार स्वतः करायचा आणि मदतनीस सोबत ठेवायचा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या माणसांसाठीही ती वापरली गेली. फिनलंडने २००८ पासून हेच तत्त्व सगळ्या बेघरांना लावले. आधी कायमचे भाड्याचे घर, मग व्यसन, आजार, नोकरी यांवर काम. तिथला बेघरांचा आकडा पंधरा वर्षांत सुमारे ८ हजारांवरून ४ हजारांच्या खाली आला. फिनलंडचा पैसा आणि लोकसंख्या वेगळी आहे, पण रत्नागिरीचा अनुभव महाराष्ट्राचाच आहे.

२०१३ चे उपजीविका अभियान २०२४ मध्ये संपले. त्याच्या जागी नवे नागरी दारिद्र्य निर्मूलन अभियान आखले जात असल्याचे केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. निवाऱ्यांचे काय होणार, हे त्या अभियानाच्या मसुद्यावर ठरेल. मुंबईपुरती करण्याजोगी कामे त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. आराखड्यातले आरक्षित भूखंड ताब्यात घेता येतील. बाजार, रुग्णालये आणि स्थानकांजवळ कुटुंबांसाठी निवारे काढता येतील आणि त्यांना सामान व हातगाड्यांची जागा जोडता येईल. पुनर्वसन इमारतींत पालिकेच्या वाट्याला येणाऱ्या घरांतला ठरावीक हिस्सा अनामतीशिवाय, महिन्याच्या भाड्याने देता येईल. निवाऱ्यातल्या मुक्कामाची नोंद राहण्याचा पुरावा म्हणून धरता येईल. यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. १९५९ चा जुना कायदा मात्र विधिमंडळालाच मागे घ्यावा लागेल.